१९. रविवारी अकरा वाजता

मागच्या अंगणात प्रमोदिनी चिंचेच्या कोळानं पितळी कलश घासत बसली होती. परवाच्या शताभिषेकासाठी एकवीस कलश लागणार होते, त्यातले चौदा झाले होते. तिची लेक कीर्तना दारात येऊन उभी राहिली, हातात मोबाइल, आणि चेहरा असा की प्रमोदिनीला आधी वाटलं, नात्यातलं कुणीतरी गेलं.

कुणी गेलं नव्हतं. एका विमान कंपनीचा फोन होता. सहवैमानिकांच्या निवडीत कीर्तनाचं नाव प्रतीक्षा यादीवर होतं. एक उमेदवार ऐन वेळी गळला, म्हणून त्याची जागा तिला मिळत होती. बेंगळुरूला सिम्युलेटरवर चाचणी आणि लगेच मुलाखत. रविवारी, अकरा वाजता. तारीख बदलून मिळेल का, असं कीर्तनानं विचारून पाहिलं होतं. पलीकडच्या बाईंनी सभ्यपणे सांगितलं, की यादीत पुढे अजून चाळीस जण आहेत.

आणि रविवारी सकाळी सात वाजल्यापासून याच घराच्या गच्चीवर दत्ताजींचा शताभिषेक होता. सासरे ऐंशी पूर्ण करून हजार पौर्णिमांचे धनी झाले होते. सासर तामिळ मुलखात मुरलेलं, तंजावरी मराठी; प्रमोदिनीच्या माहेरी, साताऱ्याला, याला सहस्रचंद्रदर्शन म्हणत. नाव काहीही असो, होम झाल्यावर मुलांनी आणि नातवंडांनी चाळणीतून आजीआजोबांवर कलशाचं पाणी घालायचं असतं, आणि नातवंडांत कीर्तना थोरली. तंजावरहून, कुंभकोणमहून माणसं निघालीसुद्धा होती.

प्रमोदिनीनं हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "नको जाऊस."

हे शब्द आपल्या तोंडून कसे आले, ते तिला स्वतःलाच कळलं नाही. पाच वर्षांपूर्वी, मुलगी विमान चालवायला शिकते म्हणाली तेव्हा, या घरात एकटी तीच कीर्तनाच्या बाजूनं उभी राहिली होती. त्या वर्षी रोज नवी विमान कंपनी निघत होती आणि वैमानिक मिळत नाहीत म्हणून वर्तमानपत्रं ओरडत होती. प्रमोदिनीच्या नवऱ्यानं, गिरीधरनं, निवृत्तीनंतरच्या घरासाठी इरुंगाट्टुकोट्टैजवळ घेतलेला प्लॉट विकला. उरलेल्याचं कर्ज प्रमोदिनी नोकरी करायची त्याच बँकेतून झालं. उत्तरेतल्या एका फ्लाइंग क्लबात दीड वर्षाचा अभ्यासक्रम तीन वर्षं चालला. कधी विमान दुरुस्तीला, कधी पेट्रोल नाही, कधी धुकं. दोनशे तास पुरे करून कीर्तना लायसन्स घेऊन घरी आली ती २००८च्या मे महिन्यात, आणि दिवाळीपर्यंत त्याच कंपन्या असलेल्या माणसांनाही घरी पाठवू लागल्या.

तेव्हापासून ती अंबत्तूरच्या एका ऑफिसात हेडफोन लावून बसायची आणि परदेशी प्रवाशांच्या हरवलेल्या बॅगांच्या तक्रारी ऐकायची. पगार बँकेच्या हप्त्यात आणि लायसन्स जिवंत ठेवण्यात जायचा. मधल्या काळात दोन कंपन्यांनी बोलावलं. पहिलीनं लेखी परीक्षेनंतर भरतीच रद्द केली. दुसरीच्या मुलाखतीहून ती परत आली तेव्हा आठ दिवस जेवणाच्या ताटावर नुसती बसायची. ते आठ दिवस प्रमोदिनीला पुन्हा बघायचे नव्हते. आणि या वेळी तर घर पाहुण्यांनी भरलेलं असताना ती हरून परत येणार, सगळ्यांदेखत.

कीर्तना खाली बसली. तिनं पंधरावा कलश उचलला आणि घासायला लागली.

संध्याकाळी राणोजी आले तेव्हा घरात सगळ्यांना कळलेलं होतं. राणोजी म्हणजे गिरीधरचे थोरले भाऊ, कीर्तनाचे पेरियप्पा. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं लेथ मशिनांचं छोटं वर्कशॉप होतं, आणि शताभिषेकाचा सगळा भार त्यांनी एकट्यानं उचलला होता. भटजी, आचारी, मांडव, केळीची पानं, सगळं त्यांच्या खिशातल्या यादीत होतं. बातमी ऐकून त्यांनी यादी घडी करून खिशात ठेवली आणि खुर्चीत बसले.

ते रागावले नाहीत, आणि त्यामुळेच सगळे घाबरले. शांतपणे त्यांनी विचारलं, दुसरी तारीख नाही का? नाही. मग पुढच्या वेळी जाता येणार नाही का? पुढची वेळ कधी येईल, ते सांगता येत नाही. राणोजींनी मान हलवली. मग त्यांनी ती गोष्ट काढली, जी या घरात सगळ्यांना माहीत होती आणि जी त्यांनी स्वतः कधीच काढली नव्हती. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली तांबरमच्या हवाई दलाच्या तळावर तंत्रज्ञांची भरती होती. त्यांना बोलावणं आलं होतं. नेमका तो दिवस बहिणीच्या लग्नाचा.

"मी राहिलों," राणोजी घरच्या तंजावरी बोलीत म्हणाले. "मला कोणी राहा मणून सांगितलें नाहीं. आपणच राहिलों."

गिरीधर खिडकीपाशी उभा होता. भाऊ बोलला की त्याच्या बाजूनं मान हलवायची, ही त्याची पन्नास वर्षांची सवय. प्रमोदिनीनं त्याच्याकडे पाहिलं; या वेळी तिलाही तेच हवं होतं. पण गिरीधरनं मान हलवली नाही. घसा साफ करून तो म्हणाला, की प्लॉट विकला तेव्हा मुलीला नोकरी लागलीच पाहिजे म्हणून विकला नव्हता, तिला प्रयत्न करता यावा म्हणून विकला होता. आता प्रयत्न करायची वेळ आली आणि आपणच तिला बसवून ठेवलं, तर तो विकला कशाला? एवढं बोलून त्याला घाम आला.

मग आतून सुंदरी आली. तिनं हे बोलणं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. नात फ्लाइंग क्लबात गेली तेव्हा हीच आजी आठवडाभर घरात कुणाशी बोलली नव्हती. मुलीचं लग्न करायचं ते पैसे आकाशात उडवता, असं तिनं तेव्हा अख्ख्या नात्यात सांगितलं होतं. आत्ता ती झोपाळ्याच्या कडीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "जाऊं दे पोरीला."

प्रमोदिनीनं सासूकडे वळून पाहिलं. पंचवीस वर्षांत त्या दोघी इतक्या वेळा समोरासमोर आल्या होत्या, पण अशा उलट्या बाजूंनी कधीच नाही. ती काही बोलणार, तेवढ्यात सुंदरीनं तिच्या दंडावर हात ठेवला. हरली तर हरली, असं ती हलकेच म्हणाली. घरीच येईल, कोठें जाईल.

झोपाळ्यावर दत्ताजी बसले होते. कानातलं यंत्र त्यांनी दोनदा काढून पुसून पुन्हा लावलं होतं, म्हणजे एकही शब्द त्यांना सुटू द्यायचा नव्हता.

दत्ताजींनी चाळीस वर्षं रेल्वेत काढली होती. विल्लुपुरमच्या इंजिनांच्या शेडमध्ये कोळसा टाकणारे फायरमन म्हणून लागले आणि बीच स्टेशन ते तांबरम लोकलचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. गाडी चालवायला शिकण्यासाठी माणूस पदरचे पैसे भरतो, ही गोष्ट त्यांना कधीच पटली नव्हती. रेल्वेनं त्यांना शिकवलं आणि वर पगार दिला. पण गेल्या वर्षी कीर्तनानं तिच्या खोलीच्या दारावर विमानाच्या कॉकपिटचं मोठं चित्र चिकटवलं आणि त्यासमोर खुर्ची टाकून ती हात हवेत हलवत एकटीच पुटपुटताना त्यांना दिसली, तेव्हापासून त्यांचं मत थोडं हललं होतं. काय पुटपुटतेस, त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, दोघांपैकी एक विमान चालवतो, दुसरा बघत राहतो आणि दिसेल ते मोठ्यानं सांगतो, पहिल्यानं त्याला उत्तर द्यायचं असतं. म्हाताऱ्याला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. हे तर आमचेंच, ते म्हणाले. सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं पुकारायचा, असिस्टंटनं पुकारायचा. तेव्हापासून रोज चार वाजता दुसरी खुर्ची दारासमोर लागायची. तिनं कार्डावर तामिळ लिपीत लिहून दिलेले इंग्रजी शब्द दत्ताजी खणखणीत आवाजात वाचायचे, आणि एकदा नात उत्तर द्यायला विसरली तेव्हा त्यांनी तिला रेल्वेचा नियम शिकवला होता. दोनदा पुकारायचें. दोनदाही उत्तर आलें नाहीं, तर बोलत बसायचें नाहीं, ब्रेकवर हात टाकायचा.

आता सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी झोपाळा पायानं थांबवला.

"पाणी माझ्या डोईवर पडणार ना? मग मी सांगतों. कीर्तना पहांटे माझ्या आंघोळीला पाणी घालील आणि जाईल. मंत्र मागून येतील."

राणोजी म्हणाले, अप्पा, असं चालत नाही, भटजी ऐकणार नाहीत. दत्ताजी म्हणाले, भटजींना सांगायची जरुरीच काय? मग ते उठले आणि आपल्या खोलीत गेले. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

रविवारची पहाट होती, मार्गळीच्या थंड महिन्यातली. चार वाजता कोपऱ्यावरच्या देवळाचा भोंगा सुरू झाला आणि अयनावरमच्या त्या गल्लीत दारोदारी बायका कोलमच्या रांगोळ्या काढायला बसल्या. न्हाणीघरात दत्ताजी पंचा नेसून लाकडी पाटावर बसले. शेजारी दुसऱ्या पाटावर सुंदरीही येऊन बसली; अंगावर जुनं लुगडं, ओठ थंडीनं घट्ट मिटलेले. बंबातलं ऊन पाणी बादलीत काढून कीर्तना तांब्या हातात घेऊन उभी राहिली. काय म्हणायचं असतं, ते तिला माहीत नव्हतं. गिरीधर आणि प्रमोदिनी दारात उभे होते, त्यांनाही माहीत नव्हतं.

"घाल," दत्ताजी म्हणाले. "गाडीची वेळ होते."

तिनं आधी आजोबांच्या आणि मग आजीच्या डोक्यावर पाणी घातलं. पहिल्या तांब्यानंतर सुंदरी हसायला लागली, कारण दत्ताजींनी डोळे मिटून, मान खाली घालून, खरोखर अभिषेक होत असल्यासारखे हात जोडले होते. तिचं हसणं बघून ते हसले, मग कीर्तना हसली आणि तांब्यातलं निम्मं पाणी तिच्याच पंजाबी ड्रेसवर सांडलं. सात तांबे झाले. प्रमोदिनीनं पुढे होऊन लेकीच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि तिचं डोकं क्षणभर छातीशी धरलं. शुक्रवारपासून ती मुलीशी कामापुरतंच बोलली होती. "नीट जा," ती म्हणाली. "आणि काहीही झालं तरी दुपारी फोन कर. काहीही झालं तरी."

गिरीधरनं टॅक्सीला फोन लावायला घेतला, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. राणोजींची मारुती दारात उभी होती. ते नवी पांढरी वेष्टी नेसून, कपाळाला गंध लावून तयारीनं आले होते; सात वाजता त्यांना होमाला बसायचं होतं. मीनम्बाक्कमला विमानतळावर सोडून साडेसहापर्यंत परत येतो, ते म्हणाले, आणि कुणाच्या तोंडाकडे न बघता मागचं दार उघडलं.

रस्ता रिकामा होता. कीर्तना मागच्या सीटवर ओल्या केसांनी बसली होती आणि मांडीवरची कार्डं पुन्हा पुन्हा चाळत होती. गिंडी आली तेव्हा राणोजींनी आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, की सिम्युलेटर म्हणजे खरंच विमानासारखं हलतं का. तिनं सांगितलं, तसंच हलतं, डोळ्यांना फरक कळत नाही. इंजिन बंद पडलं तर? तर तेही कळतं, पाय एका बाजूला जोरात दाबावा लागतो. राणोजींना यंत्रांबद्दल बोलायला आवडायचं. त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले आणि प्रत्येक उत्तरावर मान डोलावली. विमानतळाच्या उतारावर गाडी थांबवून त्यांनी तिची बॅग काढून दिली आणि ती त्यांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा ते म्हणाले, "परवा मी जें बोललों, तें माझ्याकरतां बोललों. तुझ्याकरतां नाहीं."

तिनं वर पाहिलं, तोवर ते गाडीत बसले होते.

बेंगळुरूच्या त्या केंद्रात आठ उमेदवार होते. दोघादोघांच्या जोड्या लावल्या. कीर्तनाच्या वाट्याला हुबळीचा राघोत्तम आला, तिच्यासारखाच लायसन्स घेऊन दीड वर्ष थांबलेला. त्याच्या वडिलांनी शेतीचा तुकडा विकला होता. दोघांनी आपापली माहिती एकमेकांना एवढीच दिली, कारण दोघांनाही माहीत होतं, की आठातून तिघांनाच घेणार आहेत.

परीक्षक कॅप्टन प्रतापसिंह साठीचे, कमी बोलणारे गृहस्थ. आधी कीर्तनानं चालवायचं आणि राघोत्तमनं बघायचं, असं ठरलं. उड्डाण चांगलं झालं. वळणं ठीक झाली. ढगातून धावपट्टीवर उतरताना मात्र ती थोडी उशिरा सावरली आणि चाकं धाडकन टेकली. सीटखालून बसलेला तो हिसका तिच्या दातांपर्यंत आला. कॅप्टननी वहीत काहीतरी लिहिलं. गेलं, तिला वाटलं. आईचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि तो तिनं मोठ्या प्रयत्नानं बाजूला सारला, कारण आता राघोत्तमची पाळी होती आणि बघायचं काम तिचं होतं.

राघोत्तम तिच्यापेक्षा सफाईनं चालवत होता. पाच हजार फुटांवर सरळ राहायला सांगितलं होतं. तिथे पोचताच कॅप्टननी मागून डावं इंजिन बंद केलं. राघोत्तमनं पाय बरोबर दाबला, पण त्याचे डोळे इंजिनच्या काट्यांना चिकटून राहिले आणि विमानाचं नाक हळूहळू खाली झुकू लागलं. चार हजार आठशे. कीर्तनानं पुकारलं, "ऑल्टिट्यूड." उत्तर नाही. चार हजार पाचशे. समोरच्या पडद्यावर ढगांतून डोंगर दिसू लागले. ती पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्यानं, नावानं. राघोत्तमचे ओठ हलत होते, पण तो तिच्याशी बोलत नव्हता.

परीक्षा त्याची होती. त्याच्या हातून विमान काढून घेतलं, तर आगाऊपणा म्हणतील; नाही घेतलं, तर तो नापास होईल आणि तिची जागा एकानं जवळ येईल. हे सगळं तिला नंतर सुचलं. त्या क्षणी तिचा हात आपोआप पुढे गेला.

"आय हॅव कंट्रोल," ती म्हणाली आणि नाक वर उचललं.

चार हजार तीनशेवर विमान थांबलं, मग चढू लागलं. कॅप्टननी सिम्युलेटर गोठवला. पडद्यावरचे ढग जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी विचारलं, त्याच्या हातून का घेतलंस?

"दोनदा पुकारलं, सर. उत्तर आलं नाही."

कॅप्टननी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग राघोत्तमला म्हणाले, पाणी पी, पाच मिनिटांनी तुला पुन्हा पाच हजारावर ठेवतो. दुसऱ्या वेळी इंजिन गेलं तेव्हा राघोत्तमनं तिच्या प्रत्येक शब्दाला उत्तर दिलं, आणि त्याची चाकं धावपट्टीवर अशी टेकली की कळलंसुद्धा नाही.

घरी दुपारचे अडीच वाजले होते. होम झाला, अभिषेक झाला, भटजींनी चाळणी धरून सगळ्या नातवंडांकडून पाणी घालून घेतलं, थोरली कुठे आहे म्हणून विचारलं आणि तिनं आधीच घातलं, असं दत्ताजींनी सांगितल्यावर बुचकळ्यात पडून पुढचा मंत्र म्हटला. गच्चीवरच्या मांडवात घरच्यांची पंगत बसली होती. सुंदरी गळ्यातला जड हार उतरवून ठेवायला तेवढी खाली आली, आणि तेव्हाच बैठकीतला फोन वाजला.

एरवी ती फोनला हात लावत नसे. वरून कुणी येईल म्हणून तिनं वाट पाहिली. कुणी आलं नाही. तिनं रिसीव्हर उचलला आणि उलटा कानाला लावला, मग सुलटा केला.

"आजी," पलीकडून कीर्तना म्हणाली, "घेतलं मला."

सुंदरी म्हणाली, "जेवलीस?"

नाही, कीर्तना म्हणाली, आता जेवेन. मग तिनं भराभरा सांगितलं, की आठातून तिघं निवडली, ती आणि राघोत्तम नावाचा मुलगा त्यात आहेत. पुढच्या महिन्यात हैदराबादला मोठ्या विमानाचं प्रशिक्षण. त्याचा खर्च या वेळी घरून भरायचा नाही, कंपनी करेल आणि पगारातून कापून घेईल, पाच वर्षांचा करार आहे. सुंदरीला यातलं निम्मं कळलं. ती फक्त तो आवाज ऐकत होती. असा आवाज या मुलीचा तिनं दोन वर्षांत ऐकला नव्हता. आधी जेव, असं पुन्हा सांगून तिनं फोन ठेवला आणि खुर्चीवर बसली. ऐंशीच्या नवऱ्याचा अभिषेक झाला तेव्हा तिला रडू आलं नव्हतं. आता आलं, आणि तिनं ते येऊ दिलं, मग तोंड धुतलं, कुंकू नीट केलं आणि जिना चढून वर गेली.

प्रमोदिनी पायसमची बादली घेऊन पंगतीत वाढत होती. सुंदरी सरळ तिच्याकडे गेली. दत्ताजींना नाही, मुलांना नाही, तिनं सुनेच्या कानाशी तोंड नेऊन तिला आधी सांगितलं. प्रमोदिनीनं नुसतं "हं" म्हटलं आणि वाढत राहिली. तिच्यासमोर तेव्हा राणोजींचं पान होतं. तिनं एक पळी घातली, दुसरी घातली, तिसरी घातली. पायसम वाहत भातापर्यंत गेलं. राणोजींना साखरेचा आजार. ते हातानं नको नको करत होते. मग त्यांनी वर पाहिलं, आणि भावजयीच्या गालांवरून पाणी ओघळताना आणि तिचं तोंड हसताना त्यांना दिसलं.

"झालें?" त्यांनी विचारलं.

प्रमोदिनीनं मान हलवली. राणोजींनी हात मागे घेतला, पानाची कड वर धरली आणि ते सगळं पायसम भुरके मारून संपवलं. शेजारी बसलेल्या गिरीधरनं तोवर ओळखलं होतं. तो पानावरून तसाच उठला आणि उष्ट्या हातानं गच्चीच्या कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. दत्ताजींना बातमी सगळ्यांत शेवटी कळली, कारण कानातलं यंत्र अभिषेकासाठी काढून ठेवलेलं होतं. गिरीधरला त्यांच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं, म्हणजे ती गल्लीलाही कळली.

कीर्तना संध्याकाळी सातला घरी आली. तंजावरची मंडळी अजून गेली नव्हती. कुणी तिला ओवाळलं, कुणी तिच्या तोंडात लाडू कोंबला. राणोजींनी तिला दोन पावलं बाजूला घेतलं आणि विचारलं, इंजिन बंद केलं होतं का. केलं होतं. कुठलं? डावं. पाय कुठला दाबायचा? उजवा. राणोजी इतके खूश झाले की जणू पाय त्यांनीच दाबला होता.

मग ती झोपाळ्यावर आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. दत्ताजींनी यंत्र लावलं होतं. त्यांनी पगार विचारला नाही, विमान केवढं, तेही विचारलं नाही. रेल्वेच्या माणसाला नोकरी लागली की जो पहिला प्रश्न विचारतात, तो त्यांनी विचारला.

"शेड कोठला दिला?"

"कोलकाता, ताता."

हे तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. गिरीधरनं बायकोकडे पाहिलं. प्रमोदिनी हातातलं ताट घेऊन तशीच उभी होती. मुलीला नोकरी लागावी, हे दोन वर्षं मनात घोकताना ती नोकरी इथल्याच विमानतळावर असेल, असं तिनं न विचार करताच धरून टाकलं होतं. किती लांब, कुणीतरी विचारलं. विमानानं सव्वादोन तास, कीर्तना म्हणाली, आणि तिचाही आवाज जरा खाली आला.

दत्ताजींनी झोपाळ्याला हलकासा झोका दिला. माझा पहिला शेड विल्लुपुरम, ते म्हणाले. नेमणुकीची चिठ्ठी आली तेव्हा ही तीन दिवस रडत होती.

"एकच दिवस," सुंदरी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मी ट्रंक बांधली." ती प्रमोदिनीजवळ आली, तिच्या हातातलं ताट काढून टेबलावर ठेवलं आणि तिला आपल्याशेजारी बसवून घेतलं. मग तिनं गिरीधरला विचारलं, की सेंट्रलहून कोलकात्याची गाडी किती वाजता सुटते. सकाळी पावणेनऊला, गिरीधर म्हणाला, पण तुम्हां दोघांना एवढ्या लांबचा रेल्वेचा प्रवास आता झेपेल का? सुंदरीनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. अप्पांचा पास आहे ना अजून, दोघांचा, ती म्हणाली, आणि सुनेचं तिकीट काढून टाक.

"जातांना पासावर जाऊं," तिनं कीर्तनाच्या ओठांजवळचा लाडवाचा कण बोटानं टिपला. "येतांना हिच्या गाडींतून."